स्वच्छ भुशातली पहारेकरीण

मी एक जुनी पहारेकरीण आहे. वय अकरा महिने. हसू नका मित्रांनो, आम्हा उंदरांत एवढ्यात म्हातारपण दिसू लागतं. ब्रिस्टलमधल्या एका संशोधन केंद्राच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत माझा पिंजरा आहे. आणि पहारेकरीण असले तरी मी फार भित्री आहे.

या खोलीत तीनशे उंदरांवर औषधांचे प्रयोग होतात. माझ्यावर होत नाहीत. माझं काम वेगळं. त्या उंदरांच्या पिंजऱ्यांतला मळका, लेंड्या पडलेला भुसा दर आठवड्याला मूठभर माझ्या पिंजऱ्यात टाकायचा, असा नियम आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या पोटात विषाणू शिरला असेल, तर तो भुशातून माझ्याही पोटात यावा. मग दर तीन महिन्यांनी एकेका पहारेकरणीला मारून तपासतात. असला विषाणू वरून कळत नाही. उंदीर खातो-पितो, उड्या मारतो, पण त्याचं पोट आतून बदललेलं असतं आणि प्रयोगाचं उत्तर चुकतं.

२००७च्या जानेवारीत आम्ही तिघी बहिणी इथे आलो. आमची देखभाल सुलक्षणाकाकूंकडे होती. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मुलं मोठी झाल्यावर काकूंनी ही नोकरी धरली. पहिल्याच आठवड्यात त्या मळक्या भुशाची पिशवी घेऊन आमच्यापुढे उभ्या राहिल्या, नाक मुरडलं आणि ती पिशवी सरळ कचऱ्यात टाकली. आम्हाला मिळाला कोरा, लाकडाचा वास येणारा भुसा. तक्त्यावर मात्र त्यांनी नियमाप्रमाणे खूण केली. पुढे दर आठवड्याला हेच चाललं. आम्हीही खूश होतो. शेजाऱ्यांच्या घाणीत लोळायला कुणाला आवडेल?

एप्रिलमध्ये, इस्टरनंतर, थोरल्या बहिणीला नेलं. अहवाल आला: खोली निरोगी. जुलैत धाकटीला नेलं. पुन्हा तोच अहवाल. केंद्राच्या मुख्यांनी काकूंच्या खोलीची तारीफ केली. मी एकटी उरले, आणि दाराचा आवाज झाला की मी भुशात तोंड खुपसू लागले.

तनिषा ही इंग्लंडमध्येच जन्मलेली, वॉटफर्डची मुलगी. सुजलेल्या आतड्यांवरचं एक नवं औषध ती आमच्या खोलीत तपासत होती. मार्चमध्ये त्या औषधाने उंदीर बरे झाले. सप्टेंबरात तेच औषध दिलं, तर काहीच फरक पडला नाही. आणि येत्या जानेवारीत ते पहिल्या आठ रुग्णांना द्यायचं ठरलेलं होतं. तिला विषाणूची शंका आली, पण मुख्यांनी माझ्या बहिणींचे अहवाल तिच्यापुढे ठेवले. शेवटी ती काकूंकडे आली.

"काकू, डर्टी बेडिंग एव्हरी वीक जातो ना? प्लीज, खरं सांगा."

"जातं की," काकू म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

शेजारच्या पिंजऱ्यांचा वास बदललाय, हे मला केव्हाच कळलं होतं. पण सांगणार कशी? आणि खोटं कशाला बोलू, खरं बाहेर यावं अशी माझी इच्छाही नव्हती. खरं कळलं तर मळका भुसा येणार. विषाणू सापडला तर सगळे उंदीर मारून खोली रिकामी करतात. आणि तो असूनही सापडलाच नाही, तर त्या आठ माणसांचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. मी कोपऱ्यात अंग चोरून बसून राहायचे.

दोन दिवसांनी काकूंनी सहज विचारलं, औषध घेणारे रुग्ण कोण आहेत. तनिषा म्हणाली, सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची आहे. काकूंनी हातमोजे काढले.

"तनिषा, मी हिला तो भुसा कधी दिलाच नाही. दुसऱ्याची घाण कुणाच्या पानात वाढायची... मला नाही जमलं गं."

तनिषाने खुणांचा तक्ता हातात घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "मग त्या रिपोर्ट्सना काही मीनिंगच नाही, काकू. वी डोन्ट नो एनिथिंग."

त्याच दिवशी दोघींनी वर जाऊन सगळं सांगितलं. माझा अहवाल येईपर्यंत रुग्णांना औषध द्यायचं थांबलं. काकूंना खूप ऐकून घ्यावं लागलं. मग त्यांनीच माझ्या पिंजऱ्यात मळका भुसा टाकला. सहा आठवडे मी त्यात राहिले. मला काहीच होत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

आज काकू छोटा डबा घेऊन आल्या आहेत.

मित्रांनो, काकूंनी माया केली, हे मी विसरणार नाही. पण त्या मायेपायी माझ्या दोन्ही बहिणी फुकट मेल्या. आमच्याकडून काम घ्यायचंच असेल, तर ते खरेपणाने घ्या. कीव आली तर ती चारचौघांत बोलून दाखवा, आमच्या पिंजऱ्यात लपवू नका. मला मरायचं नाही. काकूंनी झाकण उघडून हात आत घातलाय, पण मला धरायला त्यांचा हात पुढे होत नाही. म्हणून मीच त्यावर चढतेय.