एकच चीर

तिने नटावर पाना चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढला. नट करकरला, सुटला. इंजिनात रोवलेल्या त्या स्टडच्या, आटेदार दांड्याच्या, बुडाशी इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा हिरवा ओघळ वाळून खडूसारखा झाला होता. याच गळतीने गेल्या महिन्यात व्हॅन अर्ध्या वाटेत उकळली होती. दवाखाना दोन किलोमीटरवर, आणि मागच्या सीटवर छाती धरून पडलेले वडील.

काका गॅरेजच्या दारात उभे होते. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, वडील आणि काका या दोघा भावांनी मिळून स्टडांवर बसवलं होतं. गळका स्टड कोणाचा, असं तिने स्मशानातून परतल्यावर चारचौघांत विचारलं, तेव्हा काका म्हणाले होते, माझाच. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नव्हती.

"दे, मी करतो. हात सोलतील तुझे."

"तुम्ही केलंत की. बघितलं सगळ्यांनी."

काकांनी मान खाली घातली. तिला त्याचाही राग आला. माणसाने निदान भांडावं तरी.

कूलंट तिने आधीच बादलीत काढलं होतं. दोन नट एकमेकांवर आवळून तिने स्टड उपसला. आटे कोरडे ठणठणीत. या स्टडचं भोक खाली कूलंटच्या पाण्यात उघडतं, आट्यांना सीलंट माखल्याशिवाय तो बसवायचा नाही, हे वडिलांनी तिला बाराखडीबरोबर शिकवलं होतं.

"तीस वर्षांत हेच शिकलात?"

"चुकलं, पोरी."

बसवलेल्या प्रत्येक स्टडच्या डोक्यावर दोघे भाऊ छिन्नीने खूण करत. वडील एक चीर, काका दोन. उद्या बोंब झाली तर कान कोणाचा धरायचा ते कळायला हवं, असं वडील हसत म्हणायचे. या स्टडच्या डोक्यावर मात्र ग्रीसचा जाड थर होता. त्या दोन चिरा काकांच्या नाकासमोर धरायच्या म्हणून तिने तो अंगठ्याने पुसला.

चीर एकच होती.

तिने पुन्हा पुसलं. मग बराच वेळ ती आट्यांना सीलंट लावत राहिली, लागून झालं तरी. राग होता तिथेच होता. धरायला कान उरला नव्हता.

स्टड बसवून तिने नट हाताने फिरवला आणि पाना पुढे केला.

"काका, तुम्ही आवळा. माझे हात सोललेत."

काकांनी आवळला. सवयीने छिन्नीकडे हात नेला आणि थांबले.

तिने बोटभर ग्रीस घेतलं आणि स्टडचं डोकं पहिल्यासारखं झाकून टाकलं.