दिवसेंदिवस, भरदिवसा नव्हे!

मित्रांनो, मी तुर्की व्याकरणाचे एक जुने पुस्तक आहे. जुने असूनही, पहिली पंचवीस पाने सोडली तर अगदी कोरे करकरीत! ही थोरवी माझी नव्हे, मालकाची.

मालक निशांत मूळचा पुण्याचा, मुक्काम ओमानात, अल खौदला. एका तुर्की साहेबाच्या बांधकाम कंपनीत लागला, तेव्हा मला घेऊन आला. बायकोला, म्हणजे नयनाला म्हणाला, "महिन्यात फाडफाड बोलतो की नाही बघ!" फाडफाड कसले, पंचविसाव्या पानावरच दमला. मग माझी रवानगी डुगडुगत्या वॉशिंग मशीनच्या पायाखाली झाली. दोन वर्षे माझ्या डोक्यावर याचे बनियन धुतले गेले. शी!

नयना फिजिओथेरपिस्ट. साहेबाच्या आईला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हा नयना रोज सीबला, साहेबाच्या घरी जाऊन तिला चालवू लागली. महिनाभरात सुधारणा नाही दिसली, तर साहेब आईला अंकाराच्या वृद्धाश्रमात धाडणार होता. म्हातारीचा सगळा जीव इथल्या नातीत. ती घाम गाळत एकेक पाऊल टाकत होती.

महिना भरला. नयनाचा अहवाल इंग्रजीत चालला असता, पण आमच्या पंडितांना साहेबापुढे मिरवायचे होते ना!

"'दिवसेंदिवस चालणं सुधारतंय', एवढंच ना? फोनवर 'दिवसा'ला ग्युंद्युझ दाखवतंय. दोनदा लिहायचं, खलास!"

"अरे, पुस्तकात बघ तरी एकदा," नयना म्हणाली.

"पुस्तक कशाला? यल्ला, चला, पाठवलं पण."

अरे गाढवा! ग्युंद्युझ म्हणजे दिवसाउजेडी. साहेबाने अर्थ लावला, आई फक्त भरदिवसा नीट चालते, अंधार पडला की पडणार. त्याने गुरुवारचे तिकीट काढले. नयनाने इंग्रजीत समजावले, तर त्याला ती सारवासारव वाटली.

"तुझ्या शहाणपणापायी त्या बाईंचं घर सुटतंय, निशांत!" नयना कडाडली आणि तिने मला मशीनखालून ओढून काढले. पान एकशे चार. हळूहळू होणारा बदल सांगताना नाम दोनदा येते, पहिल्याला 'देन' लागतो, दुसऱ्याला 'ए'. ग्युन म्हणजे दिवस, म्हणून ग्युनदेन ग्युने. दिवसेंदिवस!

मला काखेत मारून ती त्याच रात्री साहेबाच्या घरी गेली. अडखळत वाचले. साहेबाची आठी काही जाईना. तेव्हा म्हातारीने मला हिसकावले, त्या दोन शब्दांवर दणादणा बोट आपटले, काठी टाकली आणि लेकाच्या दिशेने चार पावले चालत गेली. साहेब रडला. तिकीट रद्द झाले.

निशांत हल्ली सांगत फिरतो, "बायकोला तुर्की मीच शिकवली." याला काय म्हणावे?

मित्रांनो, माझी पूजा करू नका, मला कव्हर घालू नका. पण तुमच्या एका शब्दावर कुणाचे घर टांगलेले असेल, तर त्याच्यासाठी तरी सव्विसावे पान उलटा.