प्रायश्चित्ताची माळ

खाटीक मोठा हिशेबी माणूस. घरात मारायचं ते वळ कपड्याखाली झाकला जाईल असंच. पण एकदा हात घसरला आणि बायकोचा पुढचा दात पडला. दात काही कपड्याखाली झाकता येत नाही. चर्चच्या पायऱ्यांवर लोक बघायला लागले, तेव्हा कुठे स्वारी पापांची कबुली द्यायला फादरांकडे गेली.

घरी आला तो छाती फुगवूनच.

"फादरांनी प्रायश्चित्त दिलंय. महिनाभर रोज घरच्यांबरोबर जपमाळ. सात वाजता सगळे इथे गुडघ्यावर."

फादर बिचारे भले. एकत्र प्रार्थना केली की घर सावरेल, असं त्यांना वाटलं असणार. खाटकाच्या एका हातात माळ असेल आणि दुसऱ्या हातात पट्टा, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

दर मण्याला 'नमो मारिया' त्याने म्हणायचं, 'हे पवित्र मारिये' हे उत्तर बाकीच्यांनी द्यायचं: त्याची म्हातारी आई, बायको, दोन मुली. पहिल्याच दिवशी सहा वर्षांच्या चिमणीने दहा मण्यांच्या फेरीत अकरा वेळा उत्तर दिलं. थोबाडीत बसली. पाचव्या दिवशी थोरलीला जांभई आली. खाटकाने मणी न सोडता डाव्या हाताने अशी कानफटात दिली, की पोर भिंतीवर आपटली आणि कानातून रक्ताची धार लागली.

तेव्हाही बायको उत्तर देतच राहिली. थांबलं तर आणखी मार बसेल, म्हणून. लेकीचं रक्त फरशीवर ठिबकतंय आणि आपण 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' म्हणतोय! तिला स्वतःच्या जिभेची किळस आली.

"पडदा फाटलाय," दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा याच कानावर मार बसला तर कान कायमचा जाईल. पडली म्हणता ना? मग आता पडू देऊ नका."

त्या संध्याकाळी खाटकाने सुरुवात केली. "नमो मारिया, कृपापूर्णे..."

बायको गप्प. सासू सवयीने दोन शब्द बोलली आणि सुनेकडे बघून थांबली. मुलींनीही ब्र काढला नाही.

"तोंडं शिवलीत का?"

"प्रायश्चित्त तुम्हाला दिलंय," बायको म्हणाली. "आम्ही का भोगायचं?"

पट्ट्याचं बक्कल तिच्या कपाळावर बसलं. ती कोलमडली तशी बरगडीत लाथ बसली, मग दुसरी. कपाळावरचं रक्त तिच्या डोळ्यांत ओघळलं. आईला सोडवायला थोरलीने घाईघाईने "हे पवित्र..." सुरू केलं.

"गप्प बस, बाळा," आई जमिनीवरूनच ओरडली. "एक शब्द बोलायचा नाही!"

खाटीक थोरलीकडे वळला. हात वर गेला, त्याच कानाच्या बाजूने. बायकोने उठायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण अंग उठेना.

आजवर 'पुरुष आहे, तापायचाच' म्हणत लेकाला पाठीशी घालणारी म्हातारी तेवढ्यात मध्ये आली. बोकडाचं मुंडकं एका घावात उडवणारा तो हात आईच्या तोंडावर पडला. ती खाली बसली. ओठ फाटून रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं.

खाटीक आपल्या हाताकडे बघत राहिला.

"म्हण की आता," म्हातारी म्हणाली. "दोन्ही बाजू तूच म्हण. सूनबाई, ऊठ. पोरींना घे."

चौघी म्हातारीच्या बहिणीकडे गेल्या. खाटकाने अडवलं नाही. आईला ओलांडून जाण्याइतकी छाती त्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. म्हातारीने सुजलेल्या ओठांनी, कुणालाही न बोलावता, आपली आपण माळ सुरू केली. "नमो मारिया..."

चिमणी दोन्ही हातांनी डोकं झाकून पलंगाखाली शिरली. म्हातारीच्या तोंडचे शब्द तोंडातच राहिले.

आई दुखऱ्या बरगड्या सावरत पलंगाखाली सरकली आणि लेकीला जवळ घेऊन पडून राहिली.

"ये बाहेर. इथे कुणी मारणार नाही."

चिमणीने हात काढले नाहीत. हातांआडूनच तिने विचारलं, "मारणार नाही? मग माळ कशी म्हणायची?"