बडग्याचा चेहरा

पोळ्याच्या दिवशी दुपारपासून उन्नतीचा पाय एका जागी ठरत नव्हता. लकडगंजच्या मागे त्यांच्या मोहल्ल्याचा चौक, चौकात ताडपत्रीचा मांडव आणि मांडवात बांबूच्या कमच्यांचा, चिंध्या भरलेला, अजून डोकं नसलेला बडग्या उभा होता. उद्या सकाळी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत तो खांद्यावरच्या बांबूंवर निघायचा, सगळ्या शहराच्या शिव्या खायचा आणि शेवटी जळायचा. वर्षभरात मोहल्ल्याला ज्याचा सगळ्यात जास्त राग आलेला असतो त्याचा बडग्या होतो. यंदाचा राग लाचखोर बाबूवर होता. आणि त्याचं डोकं करायचं काम, मोहल्ल्याच्या आठवणीत पहिल्यांदाच, एका पोरीच्या हाती आलं होतं.

ते सहजासहजी आलं नव्हतं. इतकी वर्षं बडग्याची तोंडं रंगवणारा पेंटर लेकाकडे रायपूरला निघून गेला आणि समितीचे चंपतराव डोक्याला हात लावून बसले. उन्नती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने त्यांच्यापुढे मोबाईल धरला. पडद्यावर एक करडं डोकं होतं, बोटाने फिरवलं की गरगर फिरणारं. मोबाईलवर कधी बडग्या होतो काय, असं चंपतरावांनी चारचौघांत विचारलं आणि चारचौघे हसले. शेवटी तिचा चुलतभाऊ ऋषी मध्ये पडला. बिघडलं तर जुनंच मडकं उलटं घालून त्यावर मिशा काढू, या बोलीवर काम ठरलं.

काम मोठं गमतीचं होतं. आधी मोबाईलवर, नुसत्या बोटांनी, नसलेल्या मातीचं डोकं घडवायचं. मग कॉम्प्युटर त्या डोक्याची सालं काढल्यासारखे सपाट तुकडे करून देतो. ते जाड कागदावर छापायचे, कापायचे आणि आकड्याला आकडा जुळवून चिकटवत जायचं. मोहल्ल्यातली पोरं आठवडाभर कात्र्या आणि डिंक घेऊन बसली होती. कुणाच्या हातात नाकपुडीचा तुकडा, कुणाच्या हातात कानाची पाळी. आपण कुणाचं तोंड जोडतोय हे त्यांनाही दिसत नव्हतं आणि उन्नतीलाही. तिने गाल फुगवले होते, ओठांवर पानाचा लाल रंग दिला होता, मिशा लावल्या होत्या. लाचखोर दिसायला आणखी काय लागतं, असं तिला वाटलं होतं.

ही विद्या ती कोणत्या क्लासात शिकली नव्हती. मागच्या वर्षी, कुठल्या तरी परदेशी मास्तरचे व्हिडिओ बघून ती शिकली. मास्तर काय बोलतो ते एक अक्षर कळत नसे. त्याचा हात कुठे जातो ते बघायचं आणि तसंच करायचं. पण शिकायला समोर एक चेहरा लागतो, आणि घरात न हलणारा चेहरा तेव्हा एकच होता.

तो तिच्या वडिलांचा, बाबारावांचा. बाबाराव सरकारी कार्यालयात कारकून. कुणीतरी त्यांच्यावर लाच घेतल्याची तक्रार केली आणि ते निलंबित झाले. चौकशी लांबत गेली. माणूस सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसे तो संध्याकाळपर्यंत. उन्नती म्हणे, बाबा, जरा इकडे बघा. ते बघत. तेवढंच काय ते काम त्यांना उरलं होतं. पुढे चौकशीत काही निघालं नाही, ते पुन्हा कामावर गेले. पण निलंबनाची बातमी जशी घरोघरी गेली होती, तशी सुटकेची कुठे गेली? चौकातल्या पानठेल्यावर त्यांना बघून आवाज खाली येत. तेव्हापासून ते मागच्या गल्लीने घरी येत.

आणि आज सकाळी उन्नतीनेच त्यांना गळ घातली होती की संध्याकाळी चौकातून या, तुमच्या पोरीचं काम बघायला. बाबा तर निर्दोष सुटले होते, मग लाचखोराच्या बडग्याशी त्यांचा काय संबंध, असं तिला वाटलं होतं. बाबाराव बराच वेळ बुटाची लेस बांधत राहिले. मग म्हणाले, येतो.

सहाच्या सुमाराला ऋषीने स्टुलावर चढून डोकं धडावर बसवलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चंपतरावांनीसुद्धा मान डोलावली. ऋषी खाली उतरला, आणि कागदाच्या वजनाने बांबूची मान हळूच पुढे वाकली.

उन्नती दोन पावलं मागे सरली. मिशा होत्या, गाल होते, लाल ओठ होते; पण जड पापण्यांचे ते डोळे, भुवयांमधली ती घडी, बाहेर आलेले कान आणि वाकलेली मान. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले बाबा. ज्या एका चेहऱ्यावर तिचं बोट वळण शिकलं होतं, तोच चेहरा तिच्या नकळत पुन्हा उतरला होता. छातीवर ऋषीने पाटी अडकवली होती: ‘लाचखोर बाबू’.

तिला स्वतःचा भयंकर राग आला. तिने बाबांना फोन लावला. ते स्कूटरवर असणार, कोण उचलतो. ऋषीला बाजूला ओढून सांगितलं. त्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. काळा चष्मा लावू, असं तो म्हणाला. लावूनही बघितला. कान तसेच, मान तशीच; मग काढून टाकला. डोकंच काढू म्हटलं तर चंपतराव बिथरले. सगळ्या मोहल्ल्याने राबून केलेलं डोकं ऐन वेळी कशाला काढायचं? कारण सांगणं म्हणजे सगळ्यांना बोट ठेवून दाखवणं. ती मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत राहिली.

शेवटी तिने कात्री उचलली आणि ती स्टुलावर चढली. तेवढ्यात स्कूटर थांबली.

बाबाराव मांडवात आले तशी पोरांनी वाट दिली. आता कुठे त्यांना दिसलं असावं, कारण एकजण बडग्याकडे बघायचा, एकजण बाबारावांकडे. चंपतरावांनी खाकरून उगाच दोरी तपासायला घेतली. बाबारावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि वर बघत राहिले. उन्नती कात्री घेऊन तशीच स्टुलावर उभी.

“काय करून राहिली वं?” त्यांनी विचारलं.

“काढून राहिली. मले समजलंच नाही बाबा. मी मुद्दाम नाही केलं.”

“ते मले समजते.” ते आणखी जवळ आले. “मी असा दिसत होतो काय वं, तेव्हा?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण या चेहऱ्याबद्दल तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

“हो बाबा,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बडग्याची वाकलेली मान बाबारावांनी हाताने वर उचलून बघितली. सोडली तशी ती पुन्हा खाली आली. तार आणतो, मान सरळ करतो, असं ऋषी घाईघाईने म्हणाला.

“राहू दे गा.”

“पण काका, लोक तुमचं नाव घेतीन.”

“घेऊन नाही राहिले काय? वर्ष झालं, मागून घेऊन राहिले. उद्या मी समोर राहीन. ज्याले म्हणायचं त्यानं माझ्या तोंडाकडे पाहून म्हणावं.”

त्यांनी उन्नतीच्या हातातून कात्री काढून घेतली आणि तिला खाली उतरायला हात दिला. मग पुन्हा एकदा त्या कागदाच्या माणसाकडे बघितलं, कितीतरी महिने आपल्याच घरात राहून गेलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

“जाऊ दे आता याले,” ते म्हणाले. “चंपतराव, पुढचा बांबू मी धरतो.”