एकच रेघ

डेअरीत थोरलीने कॅनमधलं थोडं दूध पुन्हा नळीत घेतलं, नवी पट्टी बुडवली आणि खुर्चीत बसायचं सोडून तशीच उभी राहिली. दोन रेघा उमटल्या तर दूध चांगलं. एकच उमटली तर गाईला दिलेलं औषध दुधात उतरलंय, दूध गटारात. दुसऱ्यांदाही एकच उमटली. कॅन तिच्या वडिलांचा होता.

"पट्टीच खराब असेल गं," सोबत काम करणारी बाई म्हणाली. मन राखायला म्हणाली, हे दोघींनाही कळत होतं.

डेअरीचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. "उद्या पुन्हा असंच निघालं तर तुमचा कॅन घेणं बंद करावं लागेल," हे त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, एवढंच.

आई जाऊन आठवडाही झाला नव्हता. तिच्या हयातीत त्या घरचा कॅन कधी परत आला नव्हता. गोठा म्हणजे आईचं राज्य, बाबा चाऱ्यापुरते. "मी इथला बिनपगारी गडी," ही त्यांची जुनी थट्टा. आता धारा तेच काढत होते. धाकटा भाऊ फोनवर रोज म्हणायचा, गायी विका आणि माझ्याकडे या. 'तिच्या गायी आहेत' म्हणून बाबा फोन ठेवायचे. कॅन बंद झाला तर त्यांना तेवढंही म्हणता येणार नव्हतं.

काम संपल्यावर ती थेट गोठ्यात गेली. रिकामा कॅन पाहून बाबांनी मान खाली घातली.

"माझ्या हातालाच यश नाही," ते म्हणाले. "तिच्या हातचं कधी परत आलं?"

"हाताचा काय संबंध, बाबा? औषध निघालंय. सुई कुठल्या गाईला दिली?"

"कुठल्याच नाही. मी असताना डॉक्टर आलाच नाही."

"आणि तुम्ही नसताना?"

"ते तिला ठाऊक. मला कोण विचारत होतं इथे?"

त्यांनी चष्मा काढला, खिशातून कापडाची एक चिंधी काढली आणि काचा पुसू लागले. थोरलीने चिंधी ओळखली. आई घरात घालायची त्या जांभळ्या फुलांच्या झग्याची होती.

"ही कुठे मिळाली?"

"तांबडीच्या पायात." बाबांचा आवाज मऊ झाला. "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिसली. तिच्या अंगावरचं कापड, आणि शेणात लोळतंय. सोडून घेतली, धुतली. झोपताना उशाशी ठेवतो. हसशील तू."

ती हसली नाही. लहानपणी आईबरोबर धारा काढताना हे तिला पाठ झालं होतं: सुई दिलेल्या गाईच्या मागच्या पायात चिंधी बांधायची, म्हणजे चुकूनही तिचं दूध कॅनमध्ये जात नाही. बाबांना सांगायची वेळच कधी आली नव्हती.

"तांबडीचं दूध काही दिवस वेगळं काढा," ती म्हणाली. "ओतून द्या. किती दिवस, ते मी डॉक्टरांना विचारते."

"तांबडीचंच का? तुला काय माहीत?"

तिची नजर त्यांच्या हातातल्या चिंधीवर गेली आणि तिथेच अडकली. बाबांनीही खाली पाहिलं. काच पुसायचं थांबलं.

"खूण होती होय ही," ते म्हणाले.

"राहू द्या तुमच्याकडे. मी घरातून दुसरं फडकं आणते."

"नको. तिने हीच बांधली होती."

गुडघ्यांवर हात टेकत ते उठले आणि तांबडीच्या मागे जाऊन बसले.

"कुठला पाय?"

"मागचा. कुठलाही चालतो."

गाठ दोनदा सुटली. थोरलीचा हात पुढे झाला, पण तिने तो मागे घेतला. गाय पाय न हलवता उभी राहिली.

"मला वाटलं, जाता जाता माझ्यासाठी काहीतरी ठेवून गेली," गाठ आवळत ते म्हणाले.

मग त्यांनी बादली घेतली आणि ते पलीकडच्या गाईखाली धार काढायला बसले.