पाटीवरचं पहिलं नाव

अठ्ठ्याण्णव साली मिरजेत मी रेडियमची अक्षरं कापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. सकाळी बायडाबाई नव्या घराची पाटी सांगून गेल्या. घर त्यांनीच शिवणकाम करून उभं केलेलं, म्हणून वर त्यांचं नाव, खाली नवऱ्याचं.

दुपारी नवरा, केरबाकाका, एकटेच आले. "माझं नाव वर घे."

दोन्ही नावं मी लॉक केली होती, ती माऊसनं हलत नव्हती. लॉक काढायला एक क्लिक पुरे होतं. मी माऊसवरचा हातच काढला.

"लॉक हाय, काका."

"कुलूप? मग किल्ली कुठाय?"

"बायडाबाईंकडं."

"घराचीबी तिच्याकडंच हाय," ते पुटपुटले.

"मग पाटी बरोबरच हाय की!" म्हणत मी अक्षरं कापायचं मशीन चालू केलं.