बिनसाखरेचा फालुदा

सबज्याचा एक दाणा वसुधाच्या बोटाला चिकटून राहिला होता. वाटीतले बाकीचे केव्हाच फुगून टपोरे झालेले, आणि हा एकटा आडमुठा, कोरडाच... घरात एक आहेच तसा, तिच्या मनात आलं आणि तिला एकटीलाच हसू फुटलं.

तो दुसरा आडमुठा बाहेर गॅलरीत आरामखुर्चीत बसला होता. भाऊ, तिचे सासरे. डॉक्टरांनी त्यांच्या लघवीत साखर निघाल्याचं सांगितलं आणि त्याच संध्याकाळी वसुधानं साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. नवरा, विद्याधर, मान डोलावून दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघून गेला. वाईटपणा सगळा हिच्या पदरात. भाऊ भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अबोलाच धरला. 'या घरात पाणी मिळेल का,' हे भिंतीला विचारायचं. पाणी घेऊन हिनं जायचं. आणि 'ठेवा तिथे' हे पुन्हा भिंतीला. एकवीस दिवस! भिंतीचासुद्धा जीव कंटाळला असेल.

हसण्यावारी न्यायची ती, पण आतून तिला फार लागलं होतं. लग्न होऊन मुलुंडला आली तेव्हा पहिल्याच महिन्यात भाऊंनी तिला आणि विद्याधरला इराण्याकडे नेलं होतं — सांगलीच्या पोरीनं फालुदा कधी पाहिलेला नाही म्हणून. तळाशी गुलाबी सरबत, त्यावर सबजा, मग शेव, मग दूध... ढवळू नकोस, भाऊ सांगत होते, एकेक थर खा, घाई केलीस तर नुसतं गुलाबी दूध उरतं. तिचे वडीलही तिच्याशी कधी इतका वेळ बोलले नव्हते. ते बोलणं तिला परत हवं होतं, बस्स.

म्हणून हा घाट. नाचणी डॉक्टरांना चालत होती, तेव्हा शेव नाचणीची. काल रात्री तिनं ती भिजत घातली, सकाळी वाटून, गाळून, सत्त्व शिजवून चकचकीत गोळा केला आणि सोऱ्यातून बर्फाच्या पाण्यात शेव पाडली. सरबताऐवजी गावठी गुलाबाच्या पाकळ्या दुधात उकळल्या, रंगाला बिटाच्या रसाचे चार थेंब. वरचं दूध साय काढून आटवलेलं. साखर? एक कणही नाही. बाराच्या ठोक्याला तिनं उंच ग्लास भाऊंच्या पुढ्यात ठेवला.

भाऊंनी ग्लास वर धरून एकेक थर नीट पाहिला. मग खाली ठेवला आणि भिंतीकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "आज एकादशी आहे गं."

वसुधाच्या हे ध्यानातच नव्हतं. नाचणी! उपासाला धान्य! दर एकादशीच्या आदल्या रात्री ज्या पातेल्यात ती साबुदाणा भिजवायची, त्याच पातेल्यात काल नाचणी भिजली, आणि भाऊंनी झाकलेलं पातेलं पाहून खिचडी गृहीत धरली. एका शब्दानं विचारलं असतं तर... पण विचारायचं कसं, अबोला होता ना. उपाशी बसले होते बिचारे, आणि तिनं पुढं ठेवलं काय तर हे. केळी आणते, दाणे भाजते, म्हणत ती ग्लास उचलायला वाकली.

"राहू दे. ही शेव उद्यापर्यंत लगदा होईल. बस आणि तू पी."

सासऱ्यांसमोर बसून, ते उपाशी असताना? पण भाऊंनी पायानंच स्टूल पुढं सरकवलं. ती बसली. दूध छान आटलं होतं, गुलाबाचा वास, शेव मऊसूत — आणि मग जिथं गोडी यायला हवी तिथं काहीच नाही, अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं तसं.

"कसं झालंय? खरं सांग."

"गोड नाही, भाऊ."

"एकवीस दिवस हेच चाललंय माझं," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला ते अधिक झोंबलं. ओट्याशी उभं राहून, दोन चमचे साखर घालून ती रोज स्वतःचा चहा प्यायची. ते तिनं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे. चमचा ढवळल्याचा आवाज येतो इथपर्यंत."

आणि भाऊ हसले, पोट धरून. तीही हसली, डोळ्यांत पाणी येईतो. मग त्यांनी सांगितलं की उद्या बारस, उपास मी याच्यावरच सोडेन, पण दोन ग्लास कर, आणि तुझ्याही ग्लासात साखर नको.

भाऊंना केळं आणून देऊन ती पुन्हा पीत बसली. ढवळलं नाही. तिसऱ्या की चौथ्या घोटाला दुधाचीच एक बारीकशी गोडी जिभेला लागली... की नुसता भास? उद्या भाऊंना ती लागेल की नाही, कोण जाणे. संध्याकाळच्या चहात दोन चमचे घालायचे, एक, की काहीच नाही, हेही अजून ठरत नव्हतं. समोर भाऊ केळं सोलत विचारत होते, सबजा किती वेळ भिजवलास, दूध किती आटवलंस, आणि ती घाई न करता एकेक सांगत होती.